गिटार-पॉप आणि रूट्स रॉकच्या नव्या रेकॉर्डी : घेताना काय पाहावे, घरी आल्यावर काय करावे

छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या नव्या रेकॉर्डी आम्ही परदेशातून मागवतो. त्यातल्या बहुतेक दोन घराण्यांत बसतात. एक गिटार-पॉप : छोटी गाणी, लक्षात राहणारी चाल, वरच्या पट्टीत खणखणणारी गिटार. दुसरे रूट्स रॉक : अमेरिकेतल्या कंट्री, फोक आणि ब्लूजच्या मुळांवर उभे असलेले रॉक, ज्यात पेडल स्टील, लॅप स्टील (आडव्या ठेवून धातूच्या कांबीने वाजवायच्या गिटारी) किंवा फिडल (व्हायोलिन) हमखास भेटते. दोन्हींच्या सीमा आता पुसट झाल्या आहेत आणि आमच्या मते सध्याचे सर्वांत चांगले काम त्या सीमेवरच होते आहे.

तबकडीवर मात्र या संगीताची एक खास अडचण होते. खणखणणारी गिटार आणि गाणाऱ्याचा 'स' हे उच्च कंपनांचे आवाज असतात. सुई किंवा तिची बसवणी चुकली की तेच आधी फाटतात. पेडल स्टीलचा सूर लांब आणि सरळ असतो. तबकडी जरा जरी वाकडी फिरली तरी तो हेलकावतो. म्हणून "रेकॉर्ड खराब आली" असे वाटले की दोष तबकडीचा आहे, यंत्राचा आहे, की बाजूवर कोंबलेल्या मिनिटांचा, हे आधी ठरवावे लागते. ते घरी कसे ठरवायचे, त्यासाठी हे पत्रक.

एका बाजूवर किती मिनिटे

बारा इंची रेकॉर्ड ३३⅓ गतीने (मिनिटाला ३३⅓ फेरे) फिरते तेव्हा अगदी बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर तबकडी सरकते. लेबलजवळ पोचेपर्यंत हाच वेग जेमतेम २१ सेंटिमीटर उरतो. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. बाजूचे शेवटचे गाणे पहिल्यापेक्षा मंद किंवा खरखरीत वाटते ते यामुळे, आणि हे थोड्याफार प्रमाणात प्रत्येक रेकॉर्डला लागू आहे.

बाजूला १८ ते २० मिनिटे असतील तर काळजी नको. २२-२३ च्या पुढे खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि मग तबकडीची स्वतःची खरखर जास्त ऐकू येते. ४५ गतीवर कोरलेली बारा इंची रेकॉर्ड जास्त स्वच्छ वाजते, पण तिच्या बाजूवर साधारण १२ ते १५ मिनिटेच नीट मावतात. ऑर्डर देण्यापूर्वी गाण्यांची यादी उघडून एकूण मिनिटांना बाजूंच्या संख्येने भागा. वेष्टनावरच्या कुठल्याही स्टिकरपेक्षा हा भागाकार जास्त सांगून जातो.

टोरांटोच्या ऑल्व्हेज या बँडचा 'ब्लू रेव्ह' हा अल्बम (ऑक्टोबर २०२२, पॉलिव्हिनिल कंपनी) : १४ गाणी, पण सारे मिळून ३९ मिनिटांच्या आसपास. एका तबकडीत आरामात बसतो. निर्माते शॉन एव्हरेट. यातली गिटार मुद्दाम दाट, थरावर थर चढवलेली आणि कडांना फाटलेली आहे. आवाज फाटतोय असे वाटले तर आधी डिजिटल आवृत्ती लावून तेच गाणे ऐका. तिथेही तसेच असेल तर ते बँडला हवे होते म्हणून आहे.

ऑकलंडच्या द बेथ्स या बँडचा 'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड' (सप्टेंबर २०२२, कारपार्क) : १२ गाणी, सुमारे ४५ मिनिटे. म्हणजे बाजूला साडेबावीस. ही मर्यादेची रेघ. निर्मिती बँडमधलेच गिटारवादक जोनाथन पियर्स यांची. ऐकायला अतिशय उत्साही रेकॉर्ड, पण साध्या शंकूच्या आकाराच्या सुईवर दोन्ही बाजूंचा शेवट थोडा मिटल्यासारखा वाटू शकतो.

बिग थीफ या बँडचा 'ड्रॅगन न्यू वॉर्म माउंटन आय बिलीव्ह इन यू' (फेब्रुवारी २०२२, फोरएडी) : २० गाणी, सुमारे ८० मिनिटे, म्हणून दोन तबकड्या आणि बाजूला वीसेक मिनिटे. हे काम अमेरिकेत चार वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या ध्वनिमुद्रकांनी केले. टोपँगा कॅन्यनमधला भाग 'ब्लू रेव्ह'वाल्याच शॉन एव्हरेट यांनी मुद्रित केला. गाण्यागणिक आवाजाचा पोत बदलतो. कृपया त्यासाठी टोनआर्मशी (सुई धरणाऱ्या दांड्याशी) खेळू नका.

उत्तर कॅरोलायनातल्या ॲशव्हिलकडून सध्या बरेच काही येते आहे. तिथल्या वेन्सडे या बँडचा 'रॅट सॉ गॉड' (एप्रिल २०२३, डेड ओशन्स) कर्कश गिटार आणि स्टील गिटार एकाच वेळी वाजवतो. त्यात गिटार वाजवणाऱ्या एमजे लेंडरमनचा स्वतःचा 'मॅनिंग फायरवर्क्स' (सप्टेंबर २०२४, अँटी) नऊच गाण्यांचा आहे. त्यातले शेवटचे गाणे दहाएक मिनिटांचे असून लांबलचक गुंजनात संपते. हे गुंजन लेबलजवळच्या, सर्वांत अवघड जागेत येते, त्यामुळे सुई तपासायला हीच बाजू घ्यावी. वॉक्सहॅची या अमेरिकी गायिकेच्या 'टायगर्स ब्लड'वरही (मार्च २०२४, अँटी) लेंडरमनची गिटार आणि आवाज आहे. तो टेक्ससमधल्या टॉर्निलो गावच्या सोनिक रँच स्टुडिओत, ब्रॅड कुक यांच्या निर्मितीत झाला. रूट्स रॉक पहिल्यांदाच घेत असाल तर आम्ही याच रेकॉर्डने सुरुवात करायला सांगू.

स्टिकरवरचे शब्द

'१८० ग्रॅम' हे फक्त वजन आहे. नेहमीची रेकॉर्ड साधारण १४० ग्रॅमची असते आणि खाचेची खोली दोन्हींत सारखीच. जड तबकडी हातात छान वाटते, कुरिअरचे वजन मात्र वाढवते. रंगीत तबकडीबद्दल सरसकट नियम नाही. एकरंगी किंवा पारदर्शक बहुधा शांत वाजते. रंगांचे शिंतोडे असलेली आणि अंधारात चमकणारी तबकडी पार्श्वभूमीला सूं किंवा टकटक करण्याची शक्यता जास्त. चित्र छापलेली पिक्चर डिस्क भिंतीवर टांगायला घ्यावी.

नवे अल्बम जगभर शुक्रवारी प्रसिद्ध होतात. छोट्या कंपन्यांची तबकडी मात्र कधी कधी डिजिटलच्या मागून कित्येक आठवड्यांनी येते. आगाऊ नोंदणी करताना आम्ही सांगतो ती तारीख तबकडी कारखान्यातून निघण्याची असते, तुमच्या दारात पोचण्याची नव्हे.

फक्त डिजिटल हवे असेल तर आमच्याकडे येऊच नका, बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर थेट बँडच्या पानावरून घ्या. तिथे डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के बँडकॅम्पचे, शिवाय पैसे भरण्याचे शुल्क. बाकी बँडचे किंवा त्याच्या कंपनीचे. 'बँडकॅम्प फ्रायडे' म्हणून जाहीर केलेल्या ठरावीक शुक्रवारी तर बँडकॅम्प आपला वाटाही सोडतो. फ्लॅक फाइल (दर्जा न घटवता साठवलेली) उतरवून घ्या, पुढे तबकडीशी तुलना करायला ती लागेलच. तबकडीही स्वतः परदेशातून मागवता येते, पण हिशेब आधी करा. पॅकिंगसह एक रेकॉर्ड अर्ध्या किलोच्या आसपास जाते, कस्टम ड्युटी आणि कर रेकॉर्डची किंमत व वाहतूक खर्च मिळून आकारले जातात, आणि कुरिअरवाले केवायसीची कागदपत्रे मागतात. एकटीदुकटी रेकॉर्ड त्यात महाग पडते. चार-पाच जणांनी मिळून मागवली तर गणित बदलते.

पाकीट उघडल्यावर

खोके आले की लगेच वाजवू नका. विशेषतः मे महिन्यात नागपूर, अकोला, जळगावकडच्या ग्राहकांनी ते आडवे ठेवून चार-पाच तास घरच्या तापमानाला येऊ द्यावे. बंद गाडीत किंवा गच्चीखालच्या खोलीत ठेवू नये; उष्णतेने विनाइल (तबकडीचे प्लास्टिक) एकदा वाकले की घरगुती उपायांनी सहसा सरळ होत नाही. वरची घट्ट प्लास्टिक गुंडाळी काढून टाका. ती हळूहळू आवळत जाते आणि कव्हरासकट तबकडीला बाक आणते.

मग तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. कागदाचा भुगा आणि बोटांचे ठसे धुऊन जातात. बारीक, नखाला न जाणवणाऱ्या रेघा आतल्या कागदी पाकिटाच्या असतात आणि बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला अडकणारा ओरखडा हा दोष. निस्तेज, चट्टा पडल्यासारखा भाग दिसला आणि वाजवताना तिथे चर्र असा चेन ओढल्यागत आवाज आला तर दाबताना विनाइल खाचेत पूर्ण भरले गेलेले नाही. हे कितीही धुऊन जात नाही, धुण्यात वेळ घालवू नका.

आता रूट्स रॉकवाल्यांचा खास दोष : भोक मधोमध नसणे. तबकडी १.८ सेकंदांत एक फेरा घेते. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेले असले तरी लेबलजवळच्या गाण्यात सूर प्रत्येक फेऱ्याला सुमारे ०.८ टक्के वर आणि तितकाच खाली जातो, म्हणजे कोमल-शुद्ध अंतराच्या साधारण सातव्या भागाइतका. ढोल-गिटारच्या दणक्यात हे खपून जाते, पेडल स्टीलच्या लांब सुरात नाही. आणि ज्यांचे कान तंबोऱ्यावर तयार झालेत त्यांना तर पहिल्याच फेऱ्यात कळते. खात्री करण्यासाठी सुई वाजत असताना वरून पाहा. कार्ट्रिज (दांड्याच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलेले आहे. वर-खाली होत असेल तर तबकडीला बाक आहे. आवाजात फरक पडत नसेल तर किरकोळ बाक आम्ही दोष मानत नाही. स्टील गिटारवादक मुद्दामही सूर कापवतो, पण त्याचे कंपन १.८ सेकंदांच्या तालात येत नाही.

यंत्र

आवाज अगदी बारीक आणि बास गायब असेल तर फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) जोडलेला नाही. उलट सगळे घुमते आणि फाटते आहे, तर तो दोनदा लागलाय : टर्नटेबलच्या मागचा खटका 'लाइन'वर आणि तार ॲम्प्लिफायरच्या 'फोनो'त. दोहोंपैकी एक बदला.

सुईचा दाब डोळ्यांनी ठरवू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई साठी २ ग्रॅम, ऑर्टोफॉन टूएम रेडसाठी १.८ ग्रॅम. कमी दाबाने रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत नीट न बसता भिंतींवर आपटते आणि 'स'च्या जागी थुंकल्यासारखा आवाज येतो. दाब बरोबर असूनही 'स' फाटत असेल तर बहुधा कार्ट्रिज तिरकी बसली आहे. प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज सरळ बसवायला रेघा आखलेली पट्टी) घ्या आणि मध्यापासून ६६ व १२०.९ मिलिमीटरवरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर येईपर्यंत स्क्रू ढिले ठेवून सरकवा. पंधरा मिनिटांचे काम आहे आणि गिटार-पॉपला याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचाही होत नाही.

व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज तीच ठेवून पुढची सुई बदलता येते. इलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) सुईचे आयुष्य कंपनी ३०० तास सांगते, मायक्रोलाइनचे (आणखी बारीक टोकाच्या सुईचे) १००० तास. किंमत जास्त असली तरी तासाला भागून पाहा, शिवाय लेबलजवळची गाणी तिच्यावर बरीच मोकळी होतात. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरवर नवी रेकॉर्ड लावू नये. त्यांचा दाब बहुधा कितीतरी जास्त असतो आणि तो कमी करायची सोयही नसते.

धुणे आणि पावसाळा

नवी रेकॉर्डही एकदा धुवावी. ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता पसरावे म्हणून घालायच्या द्रवाचे) चार-पाच थेंब. आरओचे पाणी चालत नाही, त्यातले क्षार खाचेत सुकतात. मायक्रोफायबरच्या फडक्याने खाचांच्या दिशेने, गोल पुसा; लेबल कोरडे ठेवा; नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. घरात आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ गतीच्या रेकॉर्डी असतील तर हे मिश्रण त्यांच्या जवळपासही नेऊ नका. त्या लाखेच्या आहेत आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बुरशीचा धोका असतो. आतले कागदी पाकीट काढून पॉलिथिनचे घाला, कागद कव्हरात वेगळा ठेवा. बाहेरची पाकिटे पॉलिप्रॉपिलिनची घ्यावीत. मऊ पीव्हीसीची नकोत, त्यातून निघणाऱ्या द्रव्याने तबकडीवर धुरकट थर चढतो. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, भिंतीपासून चार बोटे दूर.

बदलून हवी असेल तर

पोचल्यापासून दहा दिवसांत कळवा. सोबत वाजत असतानाचा, वरून घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, दोष कुठल्या बाजूच्या कितव्या गाण्यात आहे ती माहिती, तुमची कार्ट्रिज आणि दाब, आणि लेबलभोवतीच्या मोकळ्या जागेत कोरलेली अक्षरे-आकडे पाठवा. त्या आकड्यांवरून कुठल्या कोरणीतून तबकडी निघाली ते कळते. त्याच खेपेच्या बाकीच्या प्रतींतही तोच दोष असेल तर आम्ही पुढच्या खेपेची वाट पाहतो किंवा पैसे परत करतो. भोक सरकणे, विनाइल न भरणे, सुई उडवणारा बाक, खोल ओरखडा : बदलून मिळेल. कव्हराचा दबलेला कोपरा, लांब बाजूच्या शेवटी मंदावलेला आवाज आणि शिंतोडेवाल्या तबकडीची टकटक यांसाठी मिळणार नाही.