रिफ्रेश मारून कॉम्प्युटर फास्ट होत नाही

कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार-पाचदा रिफ्रेश मारायचं, म्हणजे रॅम (चालू कामांची तात्पुरती मेमरी) मोकळी होते, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यात तथ्य नाही. रिफ्रेश फक्त डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा रेखाटतो. नुकतीच सेव्ह केलेली फाइल दिसेना, तर त्याचा उपयोग. रॅमला तो हातही लावत नाही. मग मशीन सुधारल्यासारखं का वाटतं? तेवढ्या वेळात मागे लोड होणारे प्रोग्राम उरकतात, आणि श्रेय मिळतं रिफ्रेशला!

खरं दुखणं शोधायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा रकाना सतत १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर बहुतेक तिथंच पाणी मुरतंय. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर विखुरलेला डेटा गोळा करताना तो वाचणाऱ्या हेडची धावपळ होते. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच. मेमरी भरलेली दिसली तर आधी ब्राउझरचे टॅब कमी करा. स्टार्टअपमधली नको ती ॲप्स डिसेबल करा, अँटिव्हायरस सोडून.

आणखी एक गंमत. विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपली जाते, नि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. त्यामुळे रोज इमानेइतबारे बंद केलेल्या मशीनमध्येही जुना घोळ तसाच राहू शकतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्यानं लोड होतं.