खड्डा नेमका कुठे घ्यायचा?

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रात एक फोटो हमखास येतो. रस्त्याच्या मधोमध जलवाहिनी फुटलेली, दोन मजली उंच कारंजं, भोवती बघ्यांची गर्दी आणि खाली ओळ : 'लाखो लिटर पाणी वाया'. बातमी खरीच असते, पण ती वाचून शहराचं पाणी असंच वाया जातं असा जो समज होतो, तो खरा नाही.

साधा हिशेब करू. फुटलेल्या लाइनमधून सेकंदाला 50 लिटर पाणी सांडतंय आणि व्हॉल्व्ह बंद व्हायला सहा तास लागले, तर गेलं सुमारे 11 लाख लिटर. आता मीटरभर खोल गाडलेल्या पाइपला पडलेलं फक्त 5 मिलिमीटरचं भोक घ्या. पाइपात चोवीस तास 20 मीटरचा दाब (20 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका) असेल, तर त्यातून दिवसाला 20 हजार लिटर पाणी जातं. वर्षाचे झाले 73 लाख. याचा फोटो निघत नाही, कारण पाणी वर येतच नाही. पाइप टाकताना खणलेल्या चरातल्या सैल भरावातून, मुरमातून ते वाट काढतं आणि शेजारच्या पावसाळी गटारात उतरतं. वर आलंच, तर कधी कधी भोकापासून वीस-तीस मीटर उताराला. तिथे खणावं, तर पाइप धडधाकट! काळ्या मातीच्या भागात भर म्हणजे जमीनच उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि सांधे हलवत राहते.

मुंबईत गळती आणि चोरी मिळून पाव हिश्शाहून जास्त पाणी हिशेबाबाहेर जातं. उलट टोकियोत 1955 च्या सुमाराला 20 टक्के असलेली गळती आता तीन-चार टक्क्यांवर आली आहे. हे साधलं ते जुने पाइप बदलून आणि चिकाटीने ऐकून.

होय, ऐकून. दाबाखालचं पाणी बारीक भोकातून सुटतं तेव्हा फुसफुस आवाज होतो आणि तो पाइपमधून दोन्ही दिशांना धावतो. जुनेजाणते कर्मचारी रात्री दोन-तीन वाजता, रहदारी थांबल्यावर, चेंबरचं झाकण उघडतात. लोखंडी दांड्याचं एक टोक व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर टेकवायचं, दुसऱ्या टोकाच्या वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखून ऐकायचं. मग पुढचा चेंबर. आवाज जिथे मोठा आणि तीक्ष्ण, गळती त्याच्या जवळ. पण अर्धवट उघडा व्हॉल्व्हही अगदी तस्साच फुसफुसतो, आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर कान भरून टाकते. दांड्याने गल्ली कळते. कुदळ कुठे मारायची ते ठरवायला कोरिलेटर लागतो. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ होऊ लागलेलं हे यंत्र मला अतिशय प्रिय आहे.

कल्पना अशी. 120 मीटर अंतरावरच्या दोन व्हॉल्व्हवर एकेक सेन्सर लावा. गळतीचा आवाज जवळच्या सेन्सरला आधी पोचेल, लांबच्याला नंतर. हा फरक कळला की जागा कळली. पण फरक असतो सेकंदाच्या काही शतांशांचा, आणि 'आवाज आला' असा क्षणच नसतो, कारण फुसफुस अखंड चालू आहे. मग मोजायचं कशापासून?

इथे आवाजाचा बेशिस्तपणाच कामी येतो. गळतीच्या आवाजाला ना सूर ना ताल. त्याचा कोणताही तुकडा पुन्हा तसाच येत नाही. दोन्ही सेन्सरच्या नोंदी दोन ट्रेसिंग पेपरांवर काढल्या आहेत असं समजा. एक कागद दुसऱ्यावर ठेवून थोडा थोडा सरकवत जा. प्रत्येक जागी दोन्ही नोंदींतल्या समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीज घ्या. चढउतार जुळत नसतील, तर धन-ऋण गुणाकार एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज शून्याच्या आसपास राहते. नेमक्या एका सरकण्याला चढावर चढ, उतारावर उतार बसतो आणि बेरीज एकदम उसळते. तेवढं सरकणं म्हणजेच वेळेतला फरक. पंपाची एकसुरी घरघर असती, तर दर आवर्तनाला कागद पुन्हा जुळला असता आणि खरी जागा कोणती ते कळलंच नसतं.

फरक 0.03 सेकंद निघाला आणि बिडाच्या पाइपात आवाजाचा वेग सेकंदाला 1200 मीटर धरला, तर तेवढ्या वेळात आवाज 36 मीटर जातो. 120 मधून 36 वजा करून निम्मे करा : जवळच्या सेन्सरपासून 42 मीटरवर गळती.

आता वेगाचं बघू. मोकळ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर जातो, मग पाइपात 1200 का? कारण दाबाची लाट पुढे जाताना पाइपची भिंत किंचित फुगते आणि लाट मंदावते. डच गणिती कोर्टवेग यांनी 1878 मध्ये याचं समीकरण मांडलं. पाण्याच्या ताठरपणाला भिंतीच्या ताठरपणाने भागा, त्याला व्यास आणि जाडीच्या गुणोत्तराने गुणा, त्यात एक मिळवा आणि त्याच्या वर्गमुळाने 1480 ला भागा. धमन्यांचा कडकपणा नाडीच्या लाटेवरून ओळखताना डॉक्टर याच समीकरणाचा आधार घेतात. प्लास्टिकची भिंत इतकी लवचीक, की वेग 300-400 वर येतो. शिवाय वरच्या पट्टीचे आवाज ती शोषून घेते. हाती लागते फक्त खालची गुरगुर, तीही थोड्याच अंतरापर्यंत.

यातून एक अडचण उभी राहते. मघाच्याच 120 मीटरच्या लाइनमध्ये, गळती आणि लांबचा सेन्सर यांच्या मधे, कधीकाळी दुरुस्ती करताना 30 मीटर प्लास्टिक घातलं आणि नकाशात नोंदच केली नाही, असं समजा. त्या तुकड्यात आवाज 400 च्या वेगाने रेंगाळतो, फरक 0.03 ऐवजी 0.08 सेकंद येतो आणि यंत्र 42 ऐवजी 12 मीटर दाखवतं. खड्डा चक्क 30 मीटर चुकतो! दोष यंत्राचा नाही. म्हणून दुरुस्तीनंतर पाइपचा प्रकार आणि लांबी त्याच दिवशी नकाशावर चढवणं हे पाणीखात्याचं फार मोठं काम आहे. सबंध पाइप एकाच जातीचा असेल आणि फक्त वेगाची शंका असेल, तर एक सुंदर युक्ती आहे. गळती साधारण मध्यावर येईल असे सेन्सर हलवायचे. मग फरक शून्याजवळ येतो आणि वेग चुकला तरी जागा फारशी चुकत नाही.

एवढं विज्ञान हाताशी असताना 2017 मध्ये ब्रिटनमधल्या 12 पाणी कंपन्यांपैकी 10 कंपन्यांनी कबूल केलं, की आमचे काही कर्मचारी गळती शोधायला अजून वाकवलेल्या तारा घेऊन फिरतात. आपल्याकडे तळहातावर नारळ ठेवून फिरणारे पाणाडे असतात, तोच हा प्रकार. जर्मनीत कासेल इथे 1990 मध्ये याची नीट परीक्षा झाली होती. जमिनीखाली अर्धा मीटर पुरलेल्या पाइपात पाणी वाहतंय की नाही, एवढंच 30 जणांनी सांगायचं होतं. निकाल नाणं उडवून यावा तसाच आला. रस्त्यावरचे चेंबर पाहिले की पाइप कुठून गेला असेल हे अनुभवी माणसाला कळतंच. श्रेय त्याच्या डोळ्यांचं आहे, तारांचं नाही. उपग्रहाच्या रडारने गळती शोधण्याच्या जाहिरातींबद्दलही एवढं ध्यानात असू द्या, की रडार ओलसर टापू दाखवतं, भोक नाही. पुढे कान लावावाच लागतो.

आपल्या बहुतेक शहरांची खरी अडचण वेगळीच आहे. पाणी दिवसातून दोन-चार तास. पाइप रिकामा असतो तेव्हा भोक गप्प असतं, आणि बाहेरचं घाण पाणी त्याच भोकातून आत शिरतं. गॅस्ट्रो आणि काविळीच्या साथी अशाच पसरतात. पाणी सुटतं तेव्हा घरोघरचे नळ उघडे आणि काही ठिकाणी थेट नळाला जोडलेल्या मोटारी चालू. त्या गोंगाटात फुसफुस कुठून ऐकू येणार? कराडजवळच्या मलकापूरसारख्या चोवीस तास पाणी देणाऱ्या गावाचा मोठा फायदा हाच. पहाटे तीनला गाव झोपलेलं असताना मुख्य मीटर पळत राहिला, तर गळती आहे हे बसल्या जागी कळतं. बाकीच्या शहरांत त्यासाठी एखादी पेठ निवडून मध्यरात्री दोन तास लाइन मुद्दाम भरावी लागते. त्या पेठेतल्या प्रत्येक घराला आधी कळवावं लागतं, की आज रात्री नळाला पाणी येईल, पण कृपा करून टाकी भरू नका.