सर्वसमावेशक अध्यापन

शारीरिक क्षमता, घरची भाषा, शिकण्याची गती किंवा सामाजिक परिस्थिती यांत कितीही फरक असला तरी वर्गातील सर्व विद्यार्थ्यांना एकत्र शिकता यावे, अशा रीतीने पाठाची उद्दिष्टे, साधने, कृती आणि मूल्यमापन आखण्याची पद्धती. एखादे मूल मागे पडल्यावर त्याच्यापुरती सोय करण्याऐवजी पाठाच्या आखणीतच अडथळा कोठे आहे हे आधी शोधण्यावर तिचा भर असतो.

सर्वसाधारण शाळांनी सर्व मुलांना सामावून घ्यावे, या भूमिकेला १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथील परिषदेत व्यापक आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अध्यापनाची प्रत्यक्ष चौकट मुख्यतः अमेरिकेतील ‘कास्ट’ (स्थापना १९८४) या संस्थेने स्थापत्यातील सार्वत्रिक रचनेच्या, म्हणजे वास्तू मुळातच सर्वांना वापरता येईल अशी आखण्याच्या, कल्पनेवरून घडवली. आशय एकाहून अधिक रूपांत मांडावा, समजलेले व्यक्त करण्याचे मार्ग अनेक असावेत आणि गोडी लागण्याच्या वाटाही वेगवेगळ्या असाव्यात, ही तिची तीन तत्त्वे होत.

अपूर्णांकांचा पाठ केवळ फळ्यावरील आकृतीतून शिकवला, तर दृष्टिहीन मूल त्यातून वगळले जाते. तोच पाठ कागदाला घड्या घालून घेतला, की त्याला बोटांनी चतकोर आणि अर्धा यांतला फरक कळतो. आकृती पाहूनही गोंधळणाऱ्या इतर मुलांनाही त्याचा तितकाच फायदा होतो. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, की ओठांच्या हालचालींवरून समजून घेणाऱ्या मुलाला तेवढे बोलणे कळत नाही. यावरचा उपाय बिनखर्ची आहे: आधी लिहावे, मग वर्गाकडे वळून बोलावे.

ही पद्धती केवळ अपंगत्वापुरती मर्यादित नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड (आता पालघर जिल्हा) येथे आदिवासी मुलांसाठी केलेल्या कामात कुरणशाळेचा प्रयोग होता. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळाच चराईच्या जागी नेण्यात आली. सार्वत्रिक रचनेची परिभाषा रूढ होण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आजच्या चर्चेत क्वचितच आठवले जाते.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समावेशक शिक्षणाची व्याख्या करताना मुलांच्या एकत्र शिकण्याबरोबरच अध्यापन त्यांच्या गरजांनुसार बदलण्याचाही समावेश केला आहे. या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार असून विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचण) त्यांपैकी एक आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला; त्यानंतर २०२२ मध्ये सरकारने विशेष गरजा असलेल्या प्राथमिक स्तरावरील १० आणि उच्च प्राथमिक स्तरावरील १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवले.

प्रत्यक्षात एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असलेल्या द्विशिक्षकी शाळेत अशी आखणी करायला वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. मूल्यमापनाची अडचण त्याहून चिवट आहे. लेखनिक आणि जादा वेळ या सवलती ठरावीक विद्यार्थ्यांना मिळतात. परंतु वर्गात तोंडी, चित्राने किंवा प्रतिकृतीतून उत्तर देणाऱ्या मुलालाही वार्षिक परीक्षेत बहुधा लेखी उत्तरावरच गुण मिळतात, आणि त्यामुळे शिक्षकही हळूहळू लेखी सरावाकडेच वळतात.