सवलत-कूपन (अमेरिका)

सवलत-कूपन : ठराविक वस्तू घेताना दुकानात दिल्यास तिच्या किमतीतून ठरलेली रक्कम वजा करून देणारी चिठ्ठी. ‘कापणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून आलेला हा शब्द अमेरिकेत शब्दशः खरा ठरला. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या पुरवण्यांमधून कात्रीने कूपने कापून ठेवणे ही तिथल्या असंख्य घरांची अनेक दशकांची सवय. कोका-कोलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या. १८९४ ते १९१३ या काळात त्यांवर सुमारे ८५ लाख पेले दिले गेल्याचा अंदाज आहे. १९३० च्या दशकातील महामंदीत कूपनांचा वापर फोफावला.

कूपन उत्पादकाचे आहे की दुकानाचे, हे आधी पाहावे. उत्पादकाच्या कूपनाचे पैसे दुकानाला कंपनीकडून परत मिळतात. दुकानाच्या कूपनाचा भार दुकान स्वतः उचलते. पैसे देणारे वेगळे असल्यामुळेच बरीच दुकाने एकाच वस्तूवर दोन्ही कूपने चालवून घेतात. समजा, ३ डॉलरचा साबण सेलमध्ये २ डॉलरला आला, उत्पादकाचे कूपन १ डॉलरचे आणि दुकानाचे ५० सेंटचे आहे, तर तो ५० सेंटला पडतो. म्हणून कूपन हाती येताच वापरून टाकू नये, सेलची वाट पाहावी. मात्र मुदत चुकवू नये.

ही वाट पाहता यावी म्हणूनच नीट मांडणी लागते. काहीजण बेसबॉल-कार्डांसाठीच्या पारदर्शक कप्प्यांच्या फायलीत वस्तूंच्या प्रकारानुसार कूपने लावतात. वेळ कमी असणाऱ्यांना दुसरी रीत अधिक सोयीची : पुरवणी न कापता तिच्यावर तारीख घालून ठेवायची आणि गरज पडेल तेव्हाच हवे ते कूपन कापायचे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने कूपन ही भावभेदाची युक्ती आहे. कापण्या-जपण्याची खटपट करणाऱ्याला माल स्वस्त, बाकीच्यांना पूर्ण भावाने. त्यामुळे एरवी घरात आलीच नसती अशी वस्तू कूपनापायी घेतली, तर तो निव्वळ खर्चच. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा माल कूपनाविनाही अनेकदा स्वस्त असतो. वजनामागे पडणारा भाव ताडून पाहावा. भारतात छापील कमाल किंमत असते आणि सूट बहुधा पाकिटावरच छापून येते, त्यामुळे किराण्यात कात्रीची ही रीत फारशी रुजली नाही.

आता बरीच कूपने दुकानाच्या ॲपमध्ये सदस्य-खात्यावर चढवावी लागतात. स्मार्टफोन नसलेल्या वृद्धांना फळीवर लिहिलेला कमी भाव दिसतो, पण बिलात मिळत नाही, आणि हा उघड अन्याय आहे. काही दुकानांत ग्राहकसेवेच्या खिडकीवर विचारल्यास तोच भाव लावून देतात. तो हक्काने मागावा.