भिंतीला ओल: पाणी नेमकं येतं कुठून?

भिंतीवर ओलीचा डाग दिसला की पुट्टी भरून वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारायचे, असं सर्रास चालतं. पुढच्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा पोपडे सुटतात. पाणी विटांमधले क्षार विरघळवून रंगाच्या थरामागे आणतं, तिथे सुकतं आणि क्षारांचे स्फटिक वाढता वाढता रंग भिंतीपासून उचकटतात. म्हणून रंगाऱ्याला बोलावण्याआधी पाण्याची वाट शोधायला हवी.

आधी ओल कधी वाढते ते बघा. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकी किंवा गच्ची तपासायची. घर आठवडाभर बंद राहिल्यावर ओल कमी होत असेल तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर आणि बाथरूमवर. भर मे महिन्यातही डाग तेवढाच ओला असेल तर बहुधा भिंतीतली पाण्याची लाइन गळते आहे. पाण्याचा स्वतंत्र मीटर असल्यास टाकी भरून घ्या, सगळे नळ बंद करा, आकडा टिपून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे. सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसाला साधारण वीस लिटर पाणी भिंतीत मुरतं.

तळमजल्यावर डागाची उंची मोजा. जमिनीपासून सलग चढलेली, साधारण मीटरभर उंचीवर लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार, याच्या आडव्या रेघेपाशी थांबलेली ओल जमिनीतून येते. विटेतल्या बारीक छिद्रांमधून पाणी केशाकर्षणाने चढतं. छिद्राची त्रिज्या शतांश मिलिमीटर असेल तर गणिताने ते दीड मीटरपर्यंत जाऊ शकतं, पण वाटेत बाष्पीभवन होत असल्याने सहसा त्याआधीच थांबतं. अशा भिंतीवर टाइल लावल्या की बाष्पीभवनाची जागा बंद होते आणि ओल टाइलच्या वर डोकं काढते.

फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त भांडणं वरच्या मजल्यावरच्या बाथरूमवरून होतात. त्याची चाचणी सोपी आहे, फक्त घाई करायची नाही. आधी दोन दिवस बाथरूम वापरू नका. मग नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) कापड आणि प्लास्टिकने घट्ट बंद करा, उंबऱ्याची उंची पाहून एक इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि २४ ते ४८ तास थांबा. शेजारी तेवढंच पाणी भरलेली, सरळ कडांची बादली ठेवा. बाष्पीभवनाने किती घट झाली ते तिच्यावरून कळतं. जमिनीवरची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली आणि खाली ओल वाढली तर लादीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. पातळी टिकली तर ट्रॅप उघडून पाणी एकदम सोडा. आता खाली ओल आली तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा पाइपात. लादी फोडायची गरज नाही. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपमधून कितीतरी फूट लांब जाऊन पंख्याच्या हुकापाशी टपकू शकतं. म्हणून डागाच्या बरोबर वरची जागाच दोषी धरू नये. स्विचबोर्डजवळ ओल असेल तर आधी त्या सर्किटचा एमसीबी (विजेच्या पेटीतला सुरक्षा-स्विच) बंद करा.

बाहेरच्या भिंतीवर नळीने पाणी मारताना खालून वर जा. आधी खिडकीच्या सिलखाली (सिल म्हणजे खिडकीची खालची आडवी पट्टी), मग सिलवर, फ्रेमच्या बाजूंना, शेवटी छज्ज्यावर. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यांवरून ओघळतं आणि काहीच कळत नाही. बीम आणि वीटकामाच्या सांध्यातली आडवी चीर हमखास सापडते.

कधीकधी गळती नसतेच. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, सुमारे २६ अंश येतो. पलीकडच्या खोलीत रात्रभर एसी चालत असेल तर भिंत त्याहून गार होते आणि अलीकडच्या बाजूला घाम धरते. डाग पंख्याने सुकवा, फूटभर फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी काढा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल हवेतली, मागच्या बाजूला असतील तर भिंतीतली. सुया टोचायचा मॉइश्चर मीटर इथे जपून वापरा. तो विजेचा रोध मोजतो, त्यामुळे लोणा लागलेली भिंत प्रत्यक्षात असते त्याहून ओली दाखवतो.

कारण सापडून दुरुस्ती झाली तरी लगेच रंग नको. भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला सुकायला साधारण महिना, असा ठोकताळा आहे. सुटलेलं प्लास्टर काढून भिंत उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, धुऊ नका: धुतलेला क्षार विरघळून परत विटेत शिरतो.