खिंड टाळण्यासाठी बांधलेला रस्ता

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात कॅसलटन नावाचं छोटं गाव आहे. गावातून पश्चिमेला निघालेला डांबरी रस्ता मॅम टॉर या ५१७ मीटर उंचीच्या डोंगराकडे चढू लागतो आणि थोड्याच अंतरावर गाड्यांसाठी संपतो. फाटक ओलांडून पायी पुढे गेलं की रस्ता पुन्हा दिसतो, पण कसा? मधली पांढरी रेघ चालता चालता तुटते आणि तिचा पुढचा तुकडा माणसाच्या उंचीइतका खाली सापडतो. डांबराचे मोठमोठे तुकडे तिरपे होऊन गवतात रुतलेले आहेत. एकेकाळी शेफील्ड आणि चॅपल-एन-ल-फ्रिथ यांना जोडणारा हा ए-६२५ क्रमांकाचा हमरस्ता होता.

या डोंगराळ भागाला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. गाडीरस्ते होण्याआधी इथला माल तट्टांच्या पाठीवरून जाई. पश्चिमेकडून चेशायरचं मीठ येई, इथून शिसं आणि लोकर बाहेर पडे. तट्टांचे तांडे हाकणाऱ्यांना इथे ‘जॅगर’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या खुरांनी आणि पावसाच्या पाण्याने झिजून खोल चर पडलेल्या त्यांच्या वाटा डोंगरउतारांवर अजून ओळखू येतात. काही वाटांवरून माणसांची शेवटची यात्राही जाई. मॅम टॉरच्या पलीकडे ईडेलचं खोरं आहे. तिथे स्वतःचं प्रार्थनास्थळ नव्हतं तोवर, म्हणजे १६३० च्या दशकापर्यंत, शवपेट्या खांद्यावर घेऊन हॉलिन्स क्रॉसची धार ओलांडावी लागे आणि अलीकडच्या होप गावी दफन करावं लागे. हिवाळ्यात ही चढण कशी होत असेल, याची कल्पना सह्याद्रीत ओझं घेऊन घाट चढलेल्या माणसाला सहज करता येईल.

चाकांसाठी मात्र एकच वाट होती, विनॅट्सची खिंड. नावाचा अर्थ वाऱ्याचे दरवाजे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, मध्ये अरुंद नळी आणि तिच्यातून पाचास एकपेक्षाही तीव्र चढ. ही चुनखडी सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उष्ण समुद्रात साचलेली आहे. छप्पर कोसळलेली गुहा म्हणजे ही खिंड, असं पूर्वी मानलं जाई. भूवैज्ञानिकांनी ती समजूत आता बाजूला ठेवली आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडभर टोलरस्त्यांची लाट आली. संसदेचा कायदा करून विश्वस्त मंडळ नेमायचं, मंडळाने रस्ता सुधारायचा आणि नाके उभारून वाहनांकडून पैसे घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. शेफील्डहून स्पॅरोपिटकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी असा कायदा १७५८ साली झाला आणि तो रस्ता विनॅट्समधूनच नेला गेला. योगायोगाने याच साली या खिंडीत घडल्याची एक कथा सांगतात. जवळच्या पीक फॉरेस्ट गावाच्या चर्चमध्ये घरच्यांच्या संमतीवाचून लग्न लागे, म्हणून तिकडे निघालेल्या एका तरुण जोडप्याला खाणकामगारांनी लुटून मारलं. कथेची नावं आणि तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. खिंड ओलांडताना प्रवाशाच्या पोटात उठणारी भीती मात्र तिच्यात नेमकी उतरली आहे.

भरलेली गाडी या चढावर घोड्यांना झेपत नसे आणि उतारावर आवरत नसे. म्हणून शेफील्ड आणि चॅपल-एन-ल-फ्रिथ टोलरस्ता कंपनीने १८१९ मध्ये खिंडीला वळसा घालणारा नवा रस्ता बांधला. तो मॅम टॉरच्या पूर्व अंगावरून एक मोठं वळण घेत, सौम्य चढाने वर नेला. भरावासाठी जवळच्याच ओडिन या जुन्या शिशाच्या खाणीतला टाकाऊ माल वापरला.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त खिळवून ठेवते ती हीच निवड. डोंगराची ही बाजू बाकीच्या बाजूंपेक्षा सौम्य का होती? वर सरळ तुटलेला कडा आणि खाली दूरवर पसरलेला उंचसखल उतार. हा उतार म्हणजे डोंगराचाच कोसळलेला भाग होता. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी पूर्वेकडचा मोठा लचका सुटला आणि खाली घसरला. त्याच ढिगाऱ्याने रस्त्याला सोयीचा चढ दिला. आखणी करणाऱ्यांना घोड्याला झेपणारा उतार हवा होता, तो तिथे तयार होता. आणि ज्या कारणाने तो तयार झाला होता, ते कारण संपलेलं नव्हतं.

गावकऱ्यांना याची जाण नव्हती असंही नाही. कड्यावरून सतत माती-दगड सुटत राहतात, म्हणून मॅम टॉरला ‘थरथरता डोंगर’ हे नाव फार आधीच मिळालं होतं. सतराव्या शतकात पीकच्या सात आश्चर्यांत त्याची गणना होई. ‘मॅम’ म्हणजे आई, असा नावाचा अर्थ लावतात. कड्याखाली साचलेल्या ढिगाऱ्याच्या छोट्या टेकड्या ही तिची लेकरं. पण कड्यावरून सुटणारे दगड सगळ्यांना दिसतात. रस्त्याखालचा अख्खा उतार वर्षाला काही बोटं सरकतोय, हे नुसत्या नजरेला कळत नाही.

आत काय चाललं आहे ते असं. डोंगराच्या वरच्या भागात वालुकाश्म आणि शेल यांचे थर आहेत, खाली नुसता शेल. शेल म्हणजे चिखलापासून बनलेला, पापुद्र्यांचा, कमकुवत खडक. त्यात लोहमाक्षिकाचे, म्हणजे लोखंड आणि गंधक यांच्या खनिजाचे, कण असतात. हवा-पाणी लागलं की त्यांच्यापासून आम्ल तयार होतं आणि खडक आणखी सैल होतो. ओल्या हिवाळ्यात भूजलाची पातळी चढली की घसरलेला भाग पुन्हा हलू लागतो. कोरड्या वर्षी तो जवळजवळ स्तब्ध असतो. त्यामुळेच दर वेळी दुरुस्ती टिकल्यासारखी वाटे.

आणि दुरुस्त्या होत राहिल्या. रस्ता घसरत्या भागाला वळणामुळे दोनदा छेदत होता, म्हणजे दुखणंही दोन ठिकाणी. १८९४ मध्ये डोंगरांखालून बोगदे काढून शेफील्डकडून या खोऱ्यात रेल्वे आली, पण रस्त्याची गरज संपली नाही. मोटारी आल्या तशी ती वाढलीच. १९१२, १९३३, १९४६, १९५२, १९६६, १९७४ या सालांत रस्ता वाईट खचला. प्रत्येक वेळी खड्ड्यात भर घातली, वर खडी आणि डांबर ओतलं. आज तुटलेल्या कडेला उभं राहिलं की हे थर एकावर एक रचलेले दिसतात. काही ठिकाणी त्यांची जाडी माणसाच्या उंचीला येते. नवी भर म्हणजे घसरत्या उतारावर नवं वजन, हे त्या थरांकडे पाहताना लगेच पटतं. तरी मी त्या माणसांना दोष देणार नाही. खोऱ्यातल्या लोकांना उद्या सकाळी रस्ता हवा होता, आणि तो त्यांनी दीडशेहून अधिक वर्षं दिला.

१९७७ मध्ये मोठा तुकडा गेल्यावर वाहतूक एकाच पट्ट्यावर आणली. १९७९ मध्ये रस्ता वाहनांसाठी कायमचा बंद झाला. ए-६२५ हा क्रमांकही इथून निघून गेला आणि खोऱ्यातला उरलेला रस्ता ए-६१८७ झाला.

आता कॅसलटनहून पश्चिमेला जाणाऱ्या मोटारी पुन्हा विनॅट्समधूनच चढतात. अवजड वाहनांना तिथे मज्जाव आहे, त्यांना दुसऱ्या रस्त्यांनी लांबचा फेरा पडतो. बंद रस्त्यावर पायी फिरणारे येतात आणि भूशास्त्राचे विद्यार्थी येतात. मोजमाप घेणाऱ्यांना उताराचा मधला भाग सरासरीने वर्षाला पाव मीटरपर्यंत सरकताना आढळला आहे.