आटपाडीचे कैदी, परळचा स्टुडिओ आणि शाळेची प्रार्थना

मुंबईतल्या मराठी शाळांच्या परिपाठात जी प्रार्थना होते, ती पुष्कळदा सिनेमातली असते. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’, ‘हमको मन की शक्ती देना’, ‘इतनी शक्ती हमें देना दाता’. मुलांना शब्द तोंडपाठ, पण चित्रपट कित्येकांनी पाहिलेलाही नसतो. यांतल्या पहिल्या दोन्ही चाली संगीतकार वसंत देसाईंच्या. आणि पहिल्या गाण्यामागची हकीकत मुंबईत नव्हे, औंध संस्थानात सुरू होते.

औंध म्हणजे माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात तुकड्यातुकड्यांनी पसरलेले छोटे संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली त्यांनी कारभार प्रजेच्या हाती दिला. त्या राज्यघटनेच्या घडणीत राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर एक परदेशी माणूस होता, मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात जन्मलेला हा ज्यू इंजिनिअर बंगळूरच्या विजेच्या कारखान्यात नोकरीला होता. तिथून तो गांधीजींकडे ओढला गेला आणि ‘भारतानंद’ झाला. संस्थानातले कैदी माझ्या हवाली करा, असे त्याने राजाला सांगितले. राजानेही ऐकले, हे जास्त नवलाचे! आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे बेड्यांवाचून राहू लागले, शेती करू लागले, बायकामुलांना जवळ ठेवू लागले. आटपाडी आता सांगली जिल्ह्यात येते आणि स्वतंत्रपूर आजही खुले कारागृह आहे.

ग. दि. माडगूळकर याच मुलखातले, औंधला शिकलेले. या प्रयोगावरून त्यांनी कथा-पटकथा रचली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड जमीन कसायला निघालेला जेलर शांतारामांनी स्वतः रंगवला. बैलाशी झुंजीचा प्रसंग चित्रित करताना त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, पुढच्या वर्षी बर्लिनला रौप्य अस्वलही.

त्यातले ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ लिहिले राजस्थानच्या भरत व्यासांनी. खरे सांगायचे तर शब्द उपदेशाचेच आहेत. नेकीने चालू, बदीपासून दूर राहू, ही भाषा सज्जनांच्या तोंडी कंटाळवाणी झाली असती. पण चित्रपटात ज्यांच्यासाठी ही प्रार्थना आहे त्यांच्या हातांना रक्त लागलेले आहे. म्हणून ती टोचते. शाळेत पोहोचताना हा संदर्भ गळून पडला. लताबाईंच्या आवाजातली चाल तेवढी उरली.

फ्रीडमन पुढे मुंबईतच स्थिरावला. खेतवाडीत विडीचे दुकान चालवलेल्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणाला तो बसे. ते संवाद इंग्रजीत आणणाराही तोच. १९७६ साली तो मुंबईत वारला. गिरगावात त्याच्या शेजारून गेलेल्या किती जणांना या गाण्याशी त्याचा संबंध ठाऊक असेल!

वसंत देसाई कुडाळकडचे, सोनवड्याचे. जन्म १९१२ चा. कोल्हापुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिरले. गायले, पडद्यावर दिसले आणि गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव यांचे काम जवळून पाहत शिकले. शांतारामांनी १९४२ साली परळला राजकमल कलामंदिर काढले, तेव्हा तेही मुंबईला आले. गिरण्यांच्या भोंग्यांच्या त्या परिसरात ‘शकुंतला’पासून त्यांचे नाव झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्यावरचा चित्रपट राजकमलने १९४६ साली आणला, त्याचे संगीतही देसाईंचेच. पुढे १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रांत ‘मैत्रीं भजत’ गायल्या. कांचीच्या शंकराचार्यांच्या त्या रचनेलाही चाल देसाईंनी दिली होती. साधी आणि गर्दीलाही पेलेल अशी चाल बांधण्यात त्यांचा हातखंडा होता.

मला मात्र ‘श्यामची आई’ हे त्यांचे सर्वांत अवघड काम वाटते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आठवणी, त्याही अकाली गेलेल्या आईच्या. कोकणातल्या पालगडचे हे शिक्षक सत्याग्रहासाठी अमळनेरची नोकरी सोडून तुरुंगात गेले होते. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले आणि १९५० साली ते गेले. आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला १९५३ साली, जखम ओली असतानाच. अशा वेळी गाणे सहज रडके होऊ शकले असते. ‘भरजरी गं पीतांबर’ आठवून पाहा. त्यात आई नाहीच. आहे ती कृष्णाच्या बोटासाठी भरजरी वस्त्र फाडणारी द्रौपदी. आशाबाईंनीही ते एखाद्या घरगुती गाण्यासारखे, हुंदका न आणता म्हटले आहे. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पहिल्यांदा मिळाले ते याच चित्रपटाला.

‘हमको मन की शक्ती देना’ ज्यातले, त्या ‘गुड्डी’ने १९७१ साली वाणी जयराम यांना हिंदीत आणले. लग्नानंतर मुंबईला आलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या या गायिकेला देसाईंनी आधीच हेरले होते. वाणीबाईंनी कुमार गंधर्वांबरोबर म्हटलेल्या ‘ऋणानुबंधाच्या’ची चालही देसाईंचीच. १९७५ च्या डिसेंबरात राहत्या इमारतीतल्या लिफ्टच्या अपघातात देसाई गेले.

प्रार्थनेची परंपरा त्यांच्या मागे चालू राहिली, पण परळ बदलले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तरुण पोरे नाक्यावर उभी राहिली. १९८६ साली एन. चंद्रांनी ‘अंकुश’मध्ये अशीच बेकार पोरे दाखवली आणि त्यांच्याच गोष्टीत अभिलाष यांनी लिहिलेली, कुलदीप सिंग यांनी चाल दिलेली ‘इतनी शक्ती हमें देना दाता’ आली. गायल्या सुषमा श्रेष्ठ आणि पुष्पा पागधरे. ‘आला पाऊस मातीच्या वासात गं’ म्हणणाऱ्या त्याच पागधरे. रोज सकाळी त्यांचे गाणे म्हणणाऱ्या मुलांना हे नाव एकदा तरी कुणी सांगायला हवे. फळ्यावर सुविचाराखाली दोन ओळींची जागा असतेच.